सतरा नंबरचं टेबल

२ फेब्रुवारी, शनिवार

ठके,

फोन केला नाही, कारण तू उचलणार नाहीस. आणि चुकून उचललासच तर दुसऱ्या वाक्याला आपलं वाजेल. पत्र फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस निदान चाळतं तरी. पत्ता मामीकडून घेतला. तिला सगळ्यांचे पत्ते आणि सगळ्यांच्या भानगडी तोंडपाठ. तू उन्हाळ्यापासून याच शहरात राहायला आली आहेस हेही तिनेच सांगितलं, आणि वर "मला वाटलं तुला माहीत असेल" म्हणाली. तिला चांगलं ठाऊक होतं की मला माहीत नाही.

कामाचं सांगते. आज मी तुझ्या मुलीला पाहिलं.

शाळांच्या विज्ञान प्रकल्पांना मी परीक्षक म्हणून जाते, हे तुला ठाऊक नसेल. दिवसभर प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांशी मुक्यानं काम केल्यावर मुलांशी बोलायला बरं वाटतं. पद्धत अशी आहे की टेबलावर मुलाचं नाव नसतं, नुसता नंबर. प्रत्येक टेबलाला दोन परीक्षक. दोघं वेगवेगळे प्रश्न विचारतात, एकमेकांना न दाखवता दहापैकी गुण देतात आणि मग त्यांची सरासरी काढतात. पहिले तीन पुढच्या फेरीला जातात. आणि मूल नात्यातलं निघालं तर परीक्षकानं त्या टेबलापुरतं बाजूला व्हायचं.

माझ्या जोडीला इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले एक सर असतात. त्यांनी जन्मात कुणाला सहाच्या वर गुण दिले नाहीत, म्हणून मागून सगळे त्यांना सहाबुवा म्हणतात. माणूस देवासारखा, फक्त हात आखडता. मी पडले मोकळ्या हाताची. त्यांचे पाच आणि माझे आठ मिळून मुलाचं बरं जमतं.

तर सतरा नंबरच्या टेबलावर दोन खुर्च्यांच्या मध्ये दोरी बांधलेली, तिच्यावर ओले नॅपकिन. फलकावर मोठ्या अक्षरात प्रश्न: "दोन कपड्यांमध्ये किती अंतर ठेवावं?" मी नेहमीसारखा आधी फलक वाचला. तुमच्या इमारतीत कपडे वाळत घालायची खोली एकच आहे म्हणे आणि दोरीवरून रोज भांडणं होतात. पोरीनं स्वयंपाकघरातल्या काट्यावर नॅपकिन पुनःपुन्हा तोलून काढलेत. निष्कर्ष असा की चार बोटं अंतर पुरे, त्याहून जास्त ठेवणारा नुसती जागा अडवतो. तक्त्यात एक ओळ लाल शाईनं: "या दिवशी शेजारच्या काकूंनी पंखा लावला. हे आकडे धरले नाहीत, पण खोडलेही नाहीत." मी मनात म्हटलं, हिला मी पुष्कळ प्रश्न विचारणार. आणि वर बघितलं.

तूच उभी होतीस, ठके. सातवीतली तू, खालचा ओठ दातात धरून, समोरच्यानं आता काहीतरी वाकडं विचारावं म्हणजे त्याला दाखवते अशा पवित्र्यात. "चालू दे" असं काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या टेबलाकडे गेले. सहाबुवा तिथे थांबले.

संयोजक म्हणजे त्याच शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. त्यांना गाठून म्हटलं, सतरा नंबरच्या आईचं नाव बघा. त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, ती माझी भाची आहे.

"सख्खी?"

"सख्ख्या बहिणीची."

"मग तुम्ही आधी कळवायचं ना."

"मला आत्ता कळलं."

"सख्खी भाची आहे हे आत्ता कळलं?" बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं काही पाहिलं की मीच शरमले. "येणंजाणं आहे का?"

"नाही."

"मग खरं तर..." त्या म्हणाल्या, आणि मग स्वतःच म्हणाल्या, "नाही, नाही. नातं ते नातं. व्हा बाजूला."

एवढंच कळवायचं होतं. तिच्या गुणांशी माझा संबंध नाही. उद्या तू म्हणायला नको की मी काही केलं. किंवा काही केलं नाही.

ताई


६ फेब्रुवारी, बुधवार

ठके,

तुझं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांनी चार ओळी, त्यातली एक "तिच्यासाठी काहीही करू नकोस". ती मी वाचली आणि मनात म्हटलं, अक्षर अजून तसंच गिचमिड आहे.

पण खालच्या ओळींनी मला रात्रभर छळलं. पोर घरी आल्या आल्या नॅपकिन धुवायला टाकून मोकळी झाली. फलक कपाटामागे सरकवला. आणि तुला म्हणाली की एक बाई आल्या, त्यांनी सगळं वाचलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि निघून गेल्या; बाकी सगळ्यांना प्रश्न विचारले, मलाच नाही; माझं इतकं वाईट होतं का, आई?

अगं, मी बाजूला झाले ते नियमानं. एवढी मोठी बाई मी, नमुना कुणी दिला, कुणी घेतला, कुणी तपासला, सगळ्याची नोंद ठेवणारी. आणि ज्या पोरीला सोडून पुढे गेले तिला कुणीतरी कारण सांगायला हवं, हे डोक्यातही आलं नाही. त्या सभागृहात माझं वागणं कळलं नाही असं एकच माणूस होतं, आणि माझ्या वागण्याचा परिणामही त्याच माणसावर होणार होता. मला फार वाईट वाटतंय. हे तिला सांगायचं की नाही ते तू ठरव.

आता दुसरं. हे लिहू की नको असं झालंय, पण लिहिते.

काल संध्याकाळी परीक्षकांची बैठक होती. बेरजा तपासायच्या आणि यादीवर सह्या करायच्या. यादी फिरत फिरत माझ्या हातात आली. सतरा नंबर पार खाली. सहाबुवांनी तिला सहा दिलेत. सहा म्हणजे त्यांच्या दुकानातला सगळ्यात वरच्या फळीवरचा माल! आमच्या आख्ख्या रांगेत त्यांनी सहा फक्त तिला दिलेत. पण माझे गुण नसल्यामुळे तिची सरासरी काढायची कुणाशी? ती सहावरच राहिली. शेजारच्या टेबलाला त्यांनी पाच दिले, मी आठ, तो मुलगा साडेसहावर गेला. म्हणजे त्यांनी जिला सगळ्यात वर ठेवलं ती सगळ्यांच्या खाली.

बरं, एवढ्यावर भागत नाही. यादीत पहिला नंबर आहे पावाच्या बुरशीवाल्या मुलाचा. त्याला नऊ. त्या रांगेला दातांच्या डॉक्टरीणबाई आणि गुरांचे डॉक्टर होते. गुरांच्या डॉक्टरांना गाय अडल्याचा फोन आला आणि ते शेवटचं टेबल तसंच सोडून पळाले. राहिल्या डॉक्टरीणबाई, आणि त्या नखं कापलेल्या मुलाला आठ देतात, दात घासलेल्याला नऊ. मुलगा हुशार आहे, नाही असं नाही. पण त्याच्या डोक्यावर उदार हात पडला आणि आपल्या पोरीच्या डोक्यावर चिकट, आणि हे कुणालाच दिसलं नाही, कारण बेरीज बिनचूक होती.

मला दिसलं. आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. बोलायला लागले असते तर सगळ्यांनी मान वळवून हेच म्हटलं असतं की मावशीबाई जाग्या झाल्या. पहिल्या आलेल्या पोराला खाली ओढून भाचीला वर काढतेय. सही मागितली तेव्हा मी चष्मा विसरले म्हणून सांगितलं. चष्मा नाकावर होता. संयोजक बाईंनी यादी दप्तरात घातली.

घरी आल्यावर तुझ्या भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "नियमाप्रमाणे तू बाजूला आहेस ना? मग राहा की बाजूला. पगार मिळतो का त्याचा?" आणि थोड्या वेळानं भाजी निवडता निवडता म्हणाले, "पण पोरीचं चुकलंय काय यात?"

ठके, तुला आठवतंय ते मलाही आठवतंय. आमच्या प्रयोगशाळेतल्या जागेसाठी तू अर्ज केलास, मी मुलाखत घेणाऱ्यांतून बाजूला झाले, तुला जागा मिळाली नाही. तू म्हणालीस, "आत नव्हतीस ते ठीक. पण बाहेर बसून माझ्यासाठी एक शब्द तरी बोलायचास." आणि आपलं बोलणं संपलं. माझं तेव्हा चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, त्यासाठी हे पत्र नाही. तेव्हा मला बोलता आलं असतं ते फक्त तुझ्याबद्दल. आज मला बोलायचंय ते मापाबद्दल. दोन टेबलांना एकेकच परीक्षक मिळाला, हे माप चुकलंय. मग त्यातल्या एका टेबलामागे कुणीही उभं असो.

हे मी तुला पटवतेय की स्वतःला, ते कळत नाहीये. एवढं कळतंय की मी गप्प बसले तर शनिवारी जी पोरीला सोडून पुढे गेली तीच बाई मंगळवारीही पुढे गेली असं होईल.

काहीही करू नकोस असं तू लिहिलंयस. तुला विचारत नाहीये, कळवतेय. मी उद्या बोलणार आहे.

ताई


९ फेब्रुवारी, शनिवार

ठके,

उत्तर नाही आलं. रागावली असशील. तरी काय झालं ते माझ्याकडून ऐक, शाळेकडून निरोप येईल तो कोरडा असेल.

गुरुवारी मी संयोजक बाईंना म्हटलं की मला सगळ्यांसमोर बोलायचंय. एकटीला गाठून सांगितलं असतं तर ती कुजबुज झाली असती. त्यांनी शाळा सुटल्यावर सगळ्यांना शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. मी उभी राहिले आणि आधीच सांगून टाकलं: सतरा नंबर माझी भाची आहे, तेव्हा माझं बोलणं तेवढं वजा करून ऐका. मग यादी समोर ठेवली आणि दोन्ही टेबलं दाखवली.

मग सहाबुवा उठले. खरंच दुखावले गं ते.

"अहो, पण मी तिला सहा दिलेत," ते म्हणाले. "सहा! मी सहा देतो का कधी? परत जाऊन नॅपकिनला हात लावून बघितला. फार नेटकं काम."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सर, सहा म्हणजे मला वाटलं तुम्हाला आवडलं नाही."

"आणि तुमचे नऊ म्हणजे?"

"नऊ म्हणजे..." त्या थांबल्या. "बरं होतं. चांगलं होतं. मी मुलांना नऊ देतेच हो. हिरमुसली तोंडं मला बघवत नाहीत. माझ्या खुर्चीत बसून दिवसभर रडतातच की."

सगळे हसले, त्याही हसल्या. पण सहाबुवा हसले नाहीत. ते खाली बसून यादीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मी गुण देतोय आणि माझा सहा माझ्याशिवाय कुणाला कळत नाही, हे मला आज कळतंय." मला त्यांचा हात धरावासा वाटला. धरला नाही, भलताच अर्थ निघाला असता.

गुरांचे डॉक्टर म्हणाले, "आता काय, नवा माणूस आणायचा का?" त्यावर सहाबुवाच म्हणाले की नवा माणूस नवीच पट्टी घेऊन येईल. त्यापेक्षा मी बुरशीवाल्याकडे जातो आणि डॉक्टरीणबाई सतराकडे जाऊ देत. दोन्ही पोरांना एक चिकट आणि एक उदार मिळेल, बाकीच्यांसारखंच.

यावर बोलणं सुरू झालं तेवढ्यात संयोजक बाई माझ्याकडे वळल्या. "चूक दाखवलीत, आभारी आहे. आता ठरवताना तुम्ही बाहेर." मी बाहेर गेले. दाराच्या काचेतून आत बघू नये म्हणून पाठ करून उभी राहिले, आणि समोर पहिलीच्या मुलांनी चिकटवलेली कागदी फुलपाखरं होती ती बघत बसले. त्यातल्या एकाला पंख तीन होते. आत काय चाललंय ते मला सांगायचं नाही हे बरोबरच होतं, पण जीव नुसता टांगणीला लागला होता.

सहाबुवांचंच ऐकलं त्यांनी. येत्या गुरुवारी दोन्ही मुलांनी सगळं पुन्हा मांडायचं. आईवडलांनी सभागृहात यायचं नाही. बुरशीवाल्याच्या घरीही कळवलंय. त्याच्या वडलांनी, अजून कुठे काही जाहीर झालं नाही मग हरकत कसली घ्यायची, असं म्हटलं म्हणे. पहिला होता हे त्यांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, आणि ते जड जातंय.

तिला फलक कपाटामागून काढायला सांग. मी हे तिच्यासाठी केलं असं मात्र सांगू नकोस. खरं नाही ते.

थोडं खरं आहे.

ताई


१६ फेब्रुवारी, शनिवार

ठके,

आपण गुरुवारी एका बाकावर बसलो होतो आणि आज पत्र लिहितेय, हा मूर्खपणा आहे. पण बाकावर माझी जीभ चालली नाही. तूही काही कमी नाहीस. अर्धा वेळ "पंखा फार वेगात आहे नाही", आणि उरलेला अर्धा मामीच्या गुडघ्यांवर काढलास.

सभागृहाबाहेर बाक एकच. तू आई म्हणून आत जायचं नाहीस, मी मावशी म्हणून जायचं नाही. दुसऱ्या टोकाला बुरशीवाल्याचे वडील. ते आपल्याला पाण्याची बाटली देत होते तेव्हा मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तू ते ओळखलंस. माझ्या हातातून बाटली घेऊन स्वतःच झाकण लावलंस आणि हळूच म्हणालीस, "ताई, बोललीस ते बरं केलंस. दोन्ही पोरांचं." तेवढं एक वाक्य. मी तेव्हा नाक शिंकरलं ते सर्दीमुळे नव्हतं, हे इथे लिहून ठेवते.

ती बाहेर आली आणि तू म्हणालीस, "ही तुझी मावशी." तिनं मला नखशिखांत न्याहाळलं.

"तुम्हीच त्या ना, माझ्याकडे न थांबलेल्या?"

"हो."

"मावशी म्हणून?"

"हो. मला गुण द्यायची परवानगी नव्हती."

तिनं थोडा विचार केला. ओठ दातात. "मग ते मला कुणाकडून तरी कळवायचं ना. मी सगळा आठवडा काय चुकलं तेच शोधत होते. नॅपकिन परत तोलले मी."

तू तिला दटावलंस, मोठ्यांशी असं बोलतात का म्हणून. दटावू नकोस गं. संयोजक बाईंना मी कालच सांगितलं की यापुढे कुणी परीक्षक बाजूला झाला तर त्या मुलाला तिथल्या तिथे तोंडानं कारण सांगायचं. त्या म्हणाल्या, हे कुणाला सुचलं? मी म्हटलं, सतरा नंबरला.

कालचा निकाल तुला कळलाच आहे. तरी माझ्या हातानं लिहिते. डॉक्टरीणबाईंनी तिला आठ दिले. सहाबुवांचे सहा धरून सात. बुरशीवाल्याला सहाबुवांनी सहा दिले, आधीचे नऊ धरून साडेसात. तो तिसरा आला, पुढे जाईल. आपली चौथी. डॉक्टरीणबाईंनी तिला विचारलं होतं की पावसाळी हवेत चार बोटं पुरतील का, आणि तिनं सांगितलं, "माहीत नाही. मी फक्त हिवाळ्यात मोजलंय." खरं उत्तर दिलं आणि तिथेच एक गुण गेला. गेला तो रास्त गेला. काम अजून अर्धं आहे, आणि ते तिलाही माहीत आहे.

तू फोनवर (उचललास मी केलेला, नोंद घेतली) विचारलंस, "ताई, तू गुण दिले असतेस तर किती दिले असतेस?" मी म्हटलं, असं काही मी मोजलं नाही. ते खोटं होतं. त्या शनिवारी फलक वाचून झाला आणि मी मान वर करायच्या आतच माझ्या मनात नऊ होते.

नऊ आणि सहा, साडेसात. ती आज बुरशीवाल्याच्या बरोबरीनं तिसरी असती. मी नात्याचं काही बोलले नसते, मान खाली घालून दोन प्रश्न विचारले असते, तर कुणाला पत्ताही लागला नसता. येणंजाणं नाही असं तर बाईच म्हणत होत्या.

हे तुझ्यापासून लपवलं असतं तर चाललं असतं, पण मग पुन्हा आपल्यात एक न बोललेली गोष्ट आली असती. दोन दिवस मी एकाच गोष्टीचा विचार करतेय. ते नऊ मान वर करायच्या आधीचे, असं मी म्हणतेय. पण दोरीला नॅपकिन लावण्याआधी ती तो कसा झटकत होती ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून मला दिसत होतं, आणि कपडे तसे आपल्या घरात एकच माणूस झटकायचं. तेव्हा ते नऊ तिच्या कामाचे होते की तुझे, हे मी कितीही तपासलं तरी सांगू शकत नाही. त्या वेळी मुलाखतीतून उठले तेव्हाही हेच होतं, ठके. तू मला कमी वाटत होतीस म्हणून मी उठले नाही. तुझ्याबद्दल माझं माप चालतच नाही, म्हणून उठले. हे तेव्हाच सांगायला हवं होतं असं तुझी मुलगी म्हणेल.

आता निकाल लागलाय. आता मला कुणी बाहेर जा म्हणणार नाही. मला ती फार आवडली. तिची लाल शाईची ओळ आवडली, फटकळपणा आवडला, आणि मला तिचे सगळे प्रश्न विचारायचेत. एक पंख्याचा, एक नॅपकिन रोज तेच होते का याचा, आणि एक त्या काकूंनी नंतर अंतर किती ठेवलं याचा.

उद्या दोघी या. फलक आणला तर आणू दे. परीक्षकांसमोर मुलं उभी असतात, माझ्याकडे तिला बसून सांगू दे.

तुझी
ताई